टेबलावर कोण बसणार? खानावळ, इराणी आणि हॉटेलातल्या खुर्चीची गोष्ट

हे आपल्या या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. लोकलमध्ये रेंज गेली, इयरफोन घरी राहिले किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी. बोललेलं थोडं आवरून लिहिलंय, पण भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.

आजचा विषय हॉटेल. मराठीत कुणी म्हणालं की "चल, हॉटेलात जाऊ", तर आपण बॅग भरत नाही, आपल्याला भूक लागते. जगभर हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्याकडे हॉटेल म्हणजे खायची जागा, आणि मुक्काम करायचा तर लॉज. एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या शेडवर 'हॉटेल' असं रंगवलेलं असतं. आत एकही खोली नसते, पण मिसळ असते, भजी असतात आणि कटिंग असतो.

मी नोकरीनिमित्त ऐरोलीला राहतो आणि रविवारी मुंबई पायी फिरतो. लालबाग, धोबीतलाव, काळा घोडा, माटुंगा. खरं सांगायचं तर फिरणं सुरू झालं ते खाण्यासाठी. कुठला मावा केक चांगला, कुठलं रस्सम चांगलं, एवढाच उद्देश. पण जुन्या हॉटेलांत बसता बसता एक प्रश्न डोक्यात घुसला आणि तो काही जाईना. मी आज ज्या खुर्चीवर सहज बसलोय, तिच्यावर शंभर वर्षांपूर्वी कोण बसू शकत होतं? आणि कोण नव्हतं?

माझं म्हणणं असं की हॉटेलाचा इतिहास म्हणजे पदार्थांचा इतिहास नाही, तो खुर्चीचा इतिहास आहे. पदार्थ कुठेही शिजतो. अनोळखी माणसाच्या शेजारी बसून तो खाता येणं, ही गोष्ट आपल्या समाजाला शिकायला फार वेळ लागला. कसा, ते बघू.

चहाची किंमत: पुणे, १८९०

मुंबईत शिरण्याआधी दोन मिनिटं पुण्यात थांबू या, कारण घराबाहेर खाणं ही किती मोठी भानगड होती ते तिथे कळतं.

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. शहरातली मोठमोठी माणसं हजर होती, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात भडका उडाला. ब्राह्मणांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्कार पडले. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं, पुढे रानड्यांनीही घेतलं.

एक कप चहा. आपण मीटिंग चालू असताना न बघता पितो तो. त्याच्यावरून दोन वर्षं शहर पेटलं होतं. मुद्दा चहाचा नव्हताच. तो कुणाच्या हातचा आणि कुणाच्या शेजारी बसून, हा मुद्दा होता. आणि ही सगळी माणसं वजनदार होती, त्यांच्याकडे प्रायश्चित्ताचा तरी पर्याय होता. आता विचार करा की त्याच काळात हजारो माणसं एकेकटी, ट्रंक डोक्यावर घेऊन मुंबईच्या बंदरावर आणि स्टेशनावर उतरत होती. त्यांचं जेवण कोण करणार होतं?

गिरणगाव: महिन्याच्या बोलीवर जेवण

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसं लागली. सगळ्यांत जास्त माणसं आली ती रत्नागिरी जिल्ह्यातून. मग सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर. पण आले ते पुरुष. बायको-पोरं गावीच, कारण खोलीचं भाडं परवडत नव्हतं आणि शेतीही बघायची होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर १,००० पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्म्याच. कुठल्याही शहरात असा आकडा दिसला की समजायचं, इथे स्वयंपाकाचा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे खानावळ. माझे आजोबा संगमेश्वरकडून मुंबईला आले आणि लालबागला गिरणीत लागले. गावच्या मंडळाची खोली होती. एका खोलीत इतकी माणसं की सगळी एकाच वेळी झोपूच शकत नव्हती. एक पाळी कामावर, एक पाळी झोपेत. आणि जेवण खालच्या मजल्यावरच्या एका बाईंकडे. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. दोन वेळचं जेवण, रविवारी मासे किंवा मटण. गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचा 'खाडा' धरायचा आणि पैसे कापायचे. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन, पॉज करायच्या सोयीसकट.

पण या सोयीमागे कोण होतं ते बघा. खानावळ चालवणाऱ्या बहुतेक बायका गिरणी कामगारांच्याच घरच्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली, कुणी नवऱ्याने टाकलेली. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे उठून दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. पहिल्या पाळीचे जेवून गेले की दुसऱ्या पाळीचे. माणसं पैसे देणार महिन्याच्या शेवटी, पण तांदूळ, रॉकेल, मसाला आजच लागणार. मग वाणी उधारीवर देणार आणि सावकार व्याजाने. सगळ्यांचं पोट भरून बाई कर्जातच.

१९७४ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातलं. त्यासाठी स्वतःचे दागिने, भांडी गहाण टाकली. ही गोष्ट प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिली. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. संप मिटला की कामगारांच्या मागण्यांवर बोलणी होतात, पण त्यांना जगवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच करारात नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. 'मायक्रोफायनान्स' हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, मेंबर गेले, खानावळी गेल्या. माझे आजोबाही गावी परतले. आज लालबागला जिथे उंच काचेचे टॉवर दिसतात तिथे खाली उभं राहिलं की कुठली खोली कुठे होती ते ओळखणंही अवघड आहे.

आता खुर्चीचा प्रश्न. खानावळीत खुर्ची नव्हतीच, पाट किंवा सतरंजी होती. पण पंगतीत शेजारी कोण होतं? बहुतेक आपलाच. आपल्या गावचा, आपल्या तालुक्याचा, आपल्या जातीचा. मालवणी माणूस मालवणी खानावळीत, घाटावरचा घाटावरच्या. खानावळीने एकट्या माणसाला घर दिलं, पण त्या घराला गावाच्याच भिंती होत्या. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना शिरू देत नसत. कारण असं सांगायचे की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग उष्ट्याचा विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. ते तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. हे त्यांच्यासाठी पुस्तकातलं नव्हतं, खिडकीतून दिसणारं होतं.

इराण्याचा कोपरा

आता लालबागहून बस पकडून धोबीतलावला या. मेट्रो सिनेमासमोर कयानी अँड कंपनी, १९०४ पासून. उंच छत, काचेच्या बरण्या, लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. मी तिथे गेलो की ब्रून मस्का आणि चहा घेतो आणि शक्य तितका वेळ काढतो.

आधी एक घोळ निस्तरू. पारशी आणि इराणी यांचा धर्म एक, पण येण्याची वेळ वेगळी. पारशी गुजरातच्या किनाऱ्यावर आले त्याला हजारांहून जास्त वर्षं झाली. इराणी झरतुष्ट्री आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, मुख्यतः यझ्द आणि केरमान या भागांतून. तिथे त्यांच्यावर जिझिया होता, छळ होता, आणि १८७० नंतरच्या एक-दोन वर्षांत इराणमध्ये भयंकर दुष्काळही पडला. मुंबईच्या पारशांनी माणकजी लिमजी हातरिया यांना १८५४ मध्ये खास इराणला पाठवलं होतं. त्यांच्या आणि इतरांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये तो जिझिया रद्द झाला. पण गरिबी होतीच, म्हणून माणसं निघाली. आणि इराणी हॉटेलवाले सगळेच झरतुष्ट्री नाहीत हं, यझ्दकडून आलेले शिया मुसलमानही त्यांत आहेत.

बहुतेक इराणी हॉटेलं कोपऱ्यावर का? मुंबईत ऐकायला मिळणारी गोष्ट अशी की हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली. गोष्ट छान आहे. पण नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी दुसरं कारण दिसतं. कोपऱ्याला दोन रस्ते मिळतात, दोन बाजूंनी उजेड आणि वारा येतो, दोन बाजूंनी गिऱ्हाईक आत शिरतं. चहासारख्या स्वस्त मालाचा धंदा गर्दीवर चालतो आणि गर्दी कोपऱ्यावर असते.

या हॉटेलाने खुर्चीचं काय केलं? मालक इराणी. आपल्या जातीच्या उतरंडीत त्याला कुठलीच पायरी नव्हती, त्यामुळे ती सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावर नव्हती. टेबल संगमरवरी, पुसलं की स्वच्छ. गल्ल्यावर पैसे टाका आणि बसा. शेजारी टॅक्सीवाला असेल, कारकून असेल, कॉलेजचा पोरगा असेल, कोर्टात तारखेला आलेला माणूस असेल. पंचहौदचा चहा आठवतोय ना? त्या प्रकरणानंतर चौदा वर्षांनी कयानी सुरू झालं. बघता बघता मुंबईच्या सामान्य माणसाने सकाळचा चहा परधर्मीयाच्या हातचा प्यायला सुरुवात केली आणि कुणाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं नाही. यासाठी कुणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. चहा स्वस्त होता, पाव गरम होता आणि कामावर जायची घाई होती.

अर्थात इराणी म्हणजे काही संत नव्हे. भिंतींवरच्या सूचना बघा. इथे केस विंचरू नका, जास्त वेळ बसू नका, मोठ्याने बोलू नका. या पाट्या इतक्या प्रसिद्ध की निस्सिम इझिकेल यांनी त्यांच्यावर इंग्रजीत कविता केली. पण गंमत अशी की या पाट्यांवर तुम्ही काय करायचं नाही ते लिहिलेलं असायचं. तुम्ही कोण असायला नको, ते नाही.

आता ही हॉटेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान, १९१४ चं. २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या होत्या. सुदैवाने ते पुन्हा उघडलं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, तिथला बेरी पुलाव अजून आहे. जायचं असेल तर या वर्षीच जा, एवढंच सांगतो.

मुक्कामाचं हॉटेल, आणि बडोदा १९१७

खाणं झालं, आता मुक्काम. धोबीतलावहून चालत काळ्या घोड्याला आलात तर तिथे एक मोठी, मोडकळीला आलेली इमारत दिसेल. आज तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. हे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला चित्रपटाचा खेळ याच हॉटेलात झाला, ल्युमिए बंधूंचा. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. गिऱ्हाईक गोरं.

इथे जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सॲपवर पन्नास वेळा वाचली असेल. ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं हे खरं. पण बाकीचा भाग बरेच अभ्यासक दंतकथा मानतात. ती आपल्याला आवडते कारण तिचा शेवट गोड आहे. अपमान झाला, पैसा होता, त्याहून मोठं हॉटेल बांधलं. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याने काय करायचं?

त्या प्रश्नाची जी गोष्ट आहे ती दंतकथा नाही. ज्याच्यावर बेतली त्यानेच ती लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात.

वर्ष १९१७. भीमराव आंबेडकर, वय २६. म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा माणूस. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून, मग लंडनला जाऊन परत आलेला. कराराप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरीला रुजू व्हायचं होतं. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न: राहायचं कुठे? हिंदूंच्या हॉटेलांना तेव्हा 'विशी' म्हणत. तिथे जात विचारणार, आणि जात लपवून राहिलं तर उघडकीला आल्यावर काय होईल सांगता येत नव्हतं. मग ते पारशांच्या धर्मशाळेत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, ही फक्त पारशांसाठी. शेवटी तोडगा निघाला की वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया भाडं.

या जागेचं त्यांनी केलेलं वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. वर एक लहानशी खोली, बाकी सगळा मोठा हॉल अडगळीने भरलेला. दुसरा एकही पाहुणा नाही. विजेचा दिवा नाही, रात्री एक कंदील. दिवसभर कचेरी आणि रात्री त्या अंधारात एकट्याने पुस्तक वाचत बसायचं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले. तू कोण, इथे राहून जागा का बाटवलीस, संध्याकाळच्या आत निघ. त्यांनी एका हिंदू मित्राकडे विचारलं. तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. त्यांना त्याचा अर्थ कळला. बागेत जाऊन वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

इथे माझ्या आधीच्या गोड गोष्टीला छेद जातो, आणि तो जायलाच हवा. धोबीतलावला झरतुष्ट्री मालकाच्या टेबलावर कुणीही बसू शकत होतं, आणि बडोद्यात झरतुष्ट्री धर्मशाळेतून एका माणसाला काठ्या दाखवून हाकललं. म्हणजे खुर्ची धर्माने उघडत नाही आणि धर्माने बंदही होत नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून ती उघडी होती. धर्मशाळेत 'आपली माणसं' हवी होती, म्हणून ती बंद होती. बाजार कधी दार उघडतो, कधी नाही. त्याच्या मर्जीवर माणसाचा मान ठेवता येत नाही.

हॉटेल हा शब्द संविधानात

म्हणून तो मान लिहून घ्यावा लागला. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव झाला, पण दारं बरीचशी बंदच राहिली. महाडचं तळं आठवा.

मग संविधान. कलम १५ चं दुसरं उपकलम कधी नीट वाचलंय? धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत जायला आडकाठी करता येणार नाही. विहिरी, तलाव, रस्ते हेही त्यातच येतात. देशाच्या मूळ कायद्यात हॉटेल हा शब्द आहे! २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत यावर चर्चा झाली. 'दुकान' म्हणजे नक्की काय, केशकर्तनालय, धोबी यात येतात का, असा प्रश्न निघाला. आंबेडकरांचं उत्तर होतं की हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय, जो कुणी लोकांना सेवा देतो तो त्यात आला.

बडोद्याच्या त्या रात्रीनंतर ३१ वर्षांनी तोच माणूस हे उत्तर देत होता. मी यावर जास्त बोलत नाही. तुम्हीच एकदा दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा.

माटुंगा: आकड्याने मिळणारी जागा

आता शेवटचा थांबा. मध्य रेल्वेचं माटुंगा. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भाग आखून वसवला. दक्षिणेकडून आलेले कारकून, स्टेनो, रेल्वेतले लोक इथे स्थिरावले. पुन्हा तोच प्रश्न, एकट्या माणसाच्या जेवणाचा. कॅफे मद्रास १९४० चं. आणि स्टेशनजवळ मंडईच्या पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून.

मी तिथे केळीच्या पानावर जेवलोय. पद्धत सांगतो. काउंटरवर पैसे भरून कुपन घ्यायचं, नंबर पुकारला की आत जायचं. जागा तुम्ही निवडत नाही, जी रिकामी असेल ती. चौघांच्या टेबलावर मी, एक निवृत्त आजोबा आणि कॉलेजच्या दोन मुली. कुणी कुणाला ओळखत नाही. वाढप्याने रस्सम ओतलं आणि आजोबांनी मला न विचारता सांगितलं, "आधी भाताला आळं कर, नाहीतर पळेल." संपला संवाद. मला तो फार आवडला.

या धंद्यातही सगळं गोड नव्हतं. उडुपी हॉटेलं आधी मुख्यतः ब्राह्मणांची, नंतर बंट म्हणजे शेट्टी मंडळी मोठ्या प्रमाणात आली. दक्षिणेत तर 'ब्राह्मण हॉटेल' अशा पाट्या होत्या. १९५७ मध्ये पेरियारांनी मद्रासला एका हॉटेलच्या अशा पाटीविरुद्ध आंदोलन केलं, म्हणजे संविधान लागू होऊन सात वर्षं झाल्यावर. इकडे मुंबईत टेबलं पुसणारी मुलं कर्नाटकातून लहान वयात यायची, दिवसा बश्या धुवायची आणि रात्री कन्नड रात्रशाळेत शिकायची. आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाल्यावर, साठच्या दशकाच्या शेवटी, दाक्षिणात्यांविरुद्धच्या मोहिमेत याच उडुपी हॉटेलांवर दगड पडले. ज्याच्याकडे सकाळी इडली खाल्ली, त्याचीच काच संध्याकाळी फोडली. एका टेबलावर बसणं म्हणजे एकमेकांना आपलं मानणं, असं आपोआप होत नाही.

आणि आपण?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आज कुठलं हॉटेल जात विचारतं?

हॉटेल नाही विचारत. मी मुंबईत पहिलं घर शोधत होतो तेव्हा एजंटने पगार विचारायच्या आधी आडनाव विचारलं. मग "खाता काय?" मग तो म्हणाला, "ही बिल्डिंग नको, तुम्हाला दुसरी दाखवतो." आवाज अगदी गोड होता. माझ्या टीममधल्या एका मुस्लिम मित्राला तर दुसरीही दाखवली नाही. फोन उचलणंच बंद.

कलम १५ हॉटेलच्या दारापर्यंत पोचलं, पण सोसायटीच्या दारापर्यंत सहज पोचत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सहकारी संस्था आपलं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम करू शकते. आणि मार्च २०२४ आठवतोय? झोमॅटोने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यांतले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर केले. लोकांनी विचारलं की लाल कपडेवाल्याला उद्या सोसायटीने गेटवर अडवलं तर? दुसऱ्याच दिवशी वेगळा रंग मागे घेतला. मला त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा जुनी विशी आठवत होती.

आणखी एक गोष्ट. आपण आता हॉटेलात बसतोच कुठे? ॲप उघडायचं, दारात डबा, मोबाइलवर सिरीज. जेवण अगदी एकट्याचं. खानावळवाली बाई निदान दिसायची. आज आपलं जेवण कुणी शिजवलं, तिला महिन्याला किती सुटले, हे आपल्याला माहीत असायची शक्यताच नाही. सोय वाढली, टेबल मात्र गेलं. आणि अनोळखी माणसाच्या शेजारी बसायची सवय ही व्यायामासारखी असते. सोडली की जाते.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ, दोनच गोष्टी. एक, तुमच्या गावात जिथे अजून टेबल शेअर करावं लागतं अशा एका हॉटेलात जा. फोन खिशात ठेवा आणि शेजारच्याशी बोला, निदान मिठाचं भांडं तरी मागा. दोन, घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा की तुम्ही पहिल्यांदा शहरात आलात तेव्हा जेवायला कुठे जायचात, आणि कुठे जाऊ देत नव्हते. दुसरा प्रश्न नक्की विचारा. बऱ्याच घरांत तो कुणी कधी विचारलेलाच नसतो.

मिळालेली उत्तरं व्हॉइस नोट करून पाठवा, परवानगी घेऊन. त्यातली काही पुढच्या भागात ऐकवीन. भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत जेवण वेळेवर करा!